गोठ्यावरची धार

"मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून ती ओढणीचं टोक दातात धरायची, आणि मग जे सांगायची ते शंभर टक्के खरं निघायचं.

आमच्या दूध सोसायटीत ती फॅट काढायला होती. शेतकऱ्यानं आणलेल्या दुधात पाणी किती, लोणी किती, हे तपासायचं काम तिचं. माझं काम मापाचं. बादलीतलं दूध मापायचं, त्यातला नमुना काचेच्या उभट भांड्यात भरायचा आणि तिच्यापुढं ठेवायचा. ती आधी भांडं नाकाशी न्यायची, डोळे मिटायची, मग लॅक्टोमीटर सोडायची. आकडा दिसायच्या आधीच तिला आकडा ठाऊक असायचा. हे मी सात वर्षं तीन फुटांवरून पाहिलंय, कुणाचं ऐकून सांगत नाही.

एकदा एका म्हाताऱ्याच्या दुधाचा वास घेऊन ती म्हणाली, "बाबा, मला काय कळतंय त्यातलं, पन म्हशीचं मागचं डावं सड बघा बरं. दगडी हुतीय वाटतं."

म्हातारा उखडला. "पोरी, तू म्हैस तरी बघितलीस का माझी?"

तिसऱ्या दिवशी तोच म्हातारा धोतराच्या सोग्यात बोरं घेऊन आला. डॉक्टरनं तेच सड सुजलेलं दाखवलं होतं. बोरं टेबलावर ओतून तो गेला. तिनं मोजून निम्मी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "घ्या भाऊ."

हे 'भाऊ' मला फार लागायचं. शेतकरी तिला ताई म्हणायचे. मी जीव गेला तरी ताई म्हणायचो नाही, मॅडम म्हणायचो. ती हसायची आणि पुन्हा भाऊच म्हणायची. तिशीला टेकलेली, वडील गेलेले, भावाच्या संसारात राहायची. आवाज इतका बारीक की शेतकऱ्याला आकडा ऐकायला टेबलावर वाकावं लागायचं. अशी एखादी तुमच्याही गावात असेल. रस्त्याच्या कडेनं जाणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माणसं तिला चांगली म्हणतात आणि विसरून जातात.

मी विसरत नव्हतो. माझी मावशी तिच्या भावजयीच्या ओळखीची होती. दिवाळीनंतर शब्द टाकायचा असं घरात ठरत आलं होतं. माझ्या बाजूनं सगळं होतं. जात एक, घर स्वतःचं, सोसायटीतली नोकरी. फक्त तिच्या मनाचं विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारायला मी घाबरत होतो.

संध्याकाळचं दूध पाचला सुरू व्हायचं. ती आधी पावणेपाचला यायची. त्या वर्षी उन्हाळा लागायच्या सुमाराला ती चारलाच येऊ लागली. नळ्या धुवायच्या म्हणायची. एक नळी पंधरा मिनिटं धुवायची. मी म्हटलं, बरं झालं, देवानं ऐकलं. मीही साडेतीनला येऊन बसू लागलो. नवा शर्ट घेतला. केसांना तेल.

एक दिवस तिनं मागच्या खिडकीकडं बोट केलं. "भाऊ, ती खिडकी उघडती का बघा. वास कोंडून ऱ्हातोय."

ती खिडकी किती वर्षांची गंजून बसली होती. मी हातोडी आणली, कड्या ठोकल्या, घामाघूम झालो. शेवटी फळी करकरत उघडली आणि पलीकडून आला तो डांगडिंग डांगडिंग आवाज.

मागं एक बंद पडलेली तेलाची गिरणी होती. तिथं तीन पोरं बँड वाजवायची. त्यातला गिटारवाला आमच्याच गावच्या भीमनगर वस्तीतला. खांद्यापर्यंत केस, गळ्यात विजेची गिटार. रॉक म्हणे. आम्हाला तेव्हा रॉकबिक काय माहीत, दुष्काळात माणसं एकमेकांवर ओरडतात तसं ते ऐकू यायचं. मी खिडकी लावायला गेलो तर ती घाईनं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. वारं येतंय."

वारं! मार्च महिन्यात, आमच्या गावात! झळ येत होती नुसती. ती खिडकीकडं पाठ करून नळी धुवत होती आणि तिच्या उजव्या पायाचं बोट फरशीवर ठेका धरत होतं. तुम्हाला सांगतो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खिडकी मीच उघडून दिली होती, माझ्या हातानं, नवा शर्ट घालून.

त्या पोराला गाव करंट म्हणायचं. त्यालाही कारण आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो ट्रॉलीवर उभा राहून वाजवत होता. आम्ही सोसायटीच्या पायऱ्यांवर उभे होतो. वाजवता वाजवता त्यानं माईकला हात लावला आणि हवेत असा उडाला, मान मागं, केस उभे, की लोकांना वाटलं हा पण रॉकच. शिट्ट्या, टाळ्या! मीही टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी किंचाळलं, "जनरेटर बंद करा! अवो, करंट लागलाय त्यांला! बंद करा!"

ती होती. हीच, जिला आकडा सांगताना आवाज फुटत नव्हता. अख्खा रस्ता वळून बघायला लागला. जनरेटर बंद झाला, पोरगा ट्रॉलीत बसला, कुणी पाणी दिलं, त्यानं हात वर करून हसून दाखवलं. तिनं ओढणी दातात धरली आणि खाली मान घालून आत निघून गेली.

मागं एकदा फॅटचं ॲसिड माझ्या मनगटावर सांडलं होतं. चामडी सोलली होती. तेव्हा ती "अगं बाई" एवढंच म्हणाली होती, तेही हळू. तो डाग मी त्या दिवशी घरी जाऊन किती वेळ बघत बसलो.

पुढं त्याच्या बापाचा गुडघा धरला आणि सकाळचं दूध घेऊन करंट स्वतः यायला लागला. जुनी एम-एटी मोपेड, मागं बांधलेला कॅन. तो मला "काय मालक, बरं हाय का?" म्हणायचा, तिला नमस्कार करायचा. ती त्याला काहीच म्हणायची नाही. भाऊ नाही, दादा नाही, काही नाही. आता बघा, बाई सगळ्या जगाला भाऊ म्हणते आणि एकालाच काही म्हणत नाही, तर धोका तिथंच असतो. एवढं कळायला फॅटचं मशीन लागत नाही.

मग माझ्या डोक्यात आलं, ही त्याचा आकडा वाढवून सांगत असणार. दुष्काळ पडलेला, जनावरं उसाच्या वाढ्यांवर जगलेली, सगळ्यांचीच फॅट घसरलेली. आठ दिवस मी त्याच्या दुधाचा थोडा नमुना बाजूला ठेवला आणि ती घरी गेल्यावर स्वतः तपासला. एकदा तरी सापडावी असं वाटत होतं. सापडली असती तर मला बरं वाटलं असतं, हे आज कबूल करायला काय हरकत आहे? पण एक पॉइंट वर नाही की खाली नाही. जेवढं होतं तेवढंच तिनं लिहिलेलं. तो समोर उभा असताना पेन निसटायचं तिचं, पण आकडा निसटला नाही. त्यानं मी जास्तच जळलो.

आता आमच्या सोसायटीची रीत सांगतो. दुधात पाणी सापडलं की आणणाऱ्याचं नाव दारातल्या फळ्यावर आठ दिवस राहायचं. येणारा जाणारा वाचायचा. लोकांना दंड परवडायचा, फळा परवडायचा नाही. कुणाला वाटलं आपल्यावर अन्याय झाला, तर त्यानं 'गोठ्यावरची धार' मागायची. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीची दोन माणसं त्याच्या गोठ्यावर जाणार, डोळ्यांसमोर धार काढून घेणार आणि तिथंच तपासणार. दूध चांगलं निघालं तर नाव पुसायचं. पण धार मागायला सहसा कुणी धजायचं नाही, कारण पाणी घातलेलं असायचंच.

मे महिन्यात एका सकाळी करंट दूध देऊन मागं वळला, त्याची एम-एटी घसरत होती ती धरायला. दूध माझ्या मापात होतं. कॅन धुवायच्या पिंपातलं पाणी शेजारीच, त्यात तांब्या बुडवलेला. नमुन्याच्या भांड्यात मी आधी चार बोटं पाणी घेतलं आणि वर दूध भरलं. बाकीची बादली चटकन मोठ्या कॅनमध्ये ओतून टाकली, म्हणजे दुसरा नमुना मागायला जागाच नको. हे सगळं व्हायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. हात मात्र माझाच होता.

तिनं भांडं नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मग उघडले. आधी भांड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. लॅक्टोमीटर सोडला तर तो बुडत बुडत पार खाली गेला.

"दुसरा नमुना द्या, भाऊ."

"ओतलं की कॅनमध्ये. मागं लाइन हाय किती, बघा तरी."

ती उठली, खडू घेतला आणि फळ्यावर त्याचं नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, वळणदार. तिचं अक्षर एवढं सुंदर आहे हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं. लिहून झालं तेव्हा खडू तिच्या हातात तसाच राहिला.

करंट म्हणाला, "बाई, आमी पानी घालत न्हाई." एवढंच म्हणाला आणि गेला.

दहाच्या सुमाराला त्याचा बाप आला. गुडघा ओढत, उन्हातून, पायी. त्यानं फळा वाचला. मला वाटलं आता शिव्या देईल. तो माझ्याकडं बघून हळू बोलला, त्यानं जास्त लागलं. "मास्तर, माझ्या बापाच्या काळात ह्या गावात आमचं दूध कुनी घेत नव्हतं. मी सभासद व्हायला चार वर्सं हेलपाटे घातले. आता घेताय, तर त्यात पानी निघालं म्हनताय. मला धार पायजे. उद्याच पायजे."

मी मापाच्या बादलीत बघत राहिलो. मला वाटलं होतं मी त्या पोराला खाली बघायला लावतोय. मी कुणाला काय करून बसलो होतो, हे मला त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याकडं बघून कळलं.

तिनं उत्तर दिलं. "उद्या सकाळी आमी दोघं येतो, बाबा."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही भीमनगरला गेलो. ती पुढं, मी मागं लॅक्टोमीटरची पेटी घेऊन. दारात हातपंप होता, त्यावर बायांची घागरींची रांग. गोठा स्वच्छ झाडलेला, दोन म्हशी, आणि गोठ्याला लागूनच पडवीत करंट गिटार घेऊन बसलेला. मनात राग असेल, पण वाजवत होता. विजेशिवाय ती गिटार अगदी बारीक वाजते, आवाज जेमतेम पडवीबाहेर येतो. त्याच्या आईनं धार काढली. चुळचुळ धार बादलीत पडत होती आणि पलीकडून ते बारीक सूर. ही दोन्हीच्या मध्ये उभी. मी तिचं तोंड बघितलं आणि दुसरीकडं बघायला लागलो. माझ्याकडं बघून ते तोंड तसं कधी झालं नव्हतं.

दूध तपासलं. नेहमीसारखंच, चोख. बापानं फक्त मान हलवली. करंटच्या आईनं चहा ठेवला. ही दारातच पाट घेऊन बसली, कप दोन्ही हातांत धरला आणि कपातच बघत म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. पन खालून दुसरी तार... जराशी उतरलीय का?"

पडवीतलं वाजवणं थांबलं. करंटनं ती तार छेडली, कान लावला, खुंटी पिळली, पुन्हा छेडली. मग तिच्याकडं बघितलं.

"लई दिवसांपासून काय तरी चुकत हुतं," तो म्हणाला. "पोरं म्हनायचे, ऐकू येत न्हाई. तुमाला कसं कळलं?"

तिनं ओढणीचं टोक दातात धरलं. तोंड लालबुंद. खिडकीचं तिनं काही सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी म्हटलं, "चला मॅडम, दूध खोळंबलंय."

सोसायटीत आल्यावर तिनं फळा पुसला. पुसायला फडकं होतं, पण तिनं ओढणीनं पुसला. ओढणीला पांढरा खडू लागला. दिवसभर तिनं ती झटकली नाही.

दुपारी आम्ही दोघंच होतो. ती नळ्या धुवत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यांच्या वस्तीवर टँकर येत न्हाई. ठावं हाय ना तुमाला?"

"मग?"

"काल नमुन्याला पावडरीचा वास होता."

टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असायची. टँकर सोसायटीला यायचा, आमचं पिंप त्याच पाण्याचं, पाटलांच्या आळीत यायचा, भीमनगरला फिरकत नव्हता. तिथली माणसं हातपंपाचं मचूळ पाणी प्यायची. पावडरीचं पाणी करंटच्या कॅनमध्ये यायला वाटच नव्हती. हे तिला काल नाक लावल्या क्षणीच कळलं होतं.

"मग कालच कावून नाही बोललीस?" मी एकदम अगंतुगंवर आलो.

"तुमची नोकरी गेली असती." नळी उन्हात धरून तिनं बघितली. "आन्... त्यांनी धार मागितली, तर मला तिकडं जाया मिळंल. हे बी मनात आलं. खोटं कशाला बोलू? तेवढ्यापायी त्यांचं नाव एक दिवस फळ्यावर ऱ्हायलं. ते पाप निम्मं माझं हाय. निम्मं तुमचं. तुमी जाऊन त्यांच्या बाबांला सांगा. मी तुमचं नाव सांगनार न्हाई, तुमीच सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

गेलो नाही. आज जाईन, उद्या जाईन. एकदा तर हातपंपापर्यंत गेलतो, तिथून परत आलो. ती रोज सकाळी मी आलो की एकदा माझ्याकडं बघायची. महिनाभर बघितलं. मग बघायचं थांबली. त्यानंतर आमच्यात नमुना आणि आकडा एवढंच बोलणं उरलं. भाऊसुद्धा म्हणायची बंद झाली. तेव्हा कळलं, तो शब्दही काही कमी नव्हता.

दिवाळीनंतर मावशीनं शब्द टाकला. तिचा भाऊ तयार होता, भावजय तयार होती. हिनं नाही म्हटलं. भावजय मावशीला म्हणाली, "काय तरी येडेपना बघा. म्हनती, त्यांच्या हाताला पावडरीचा वास येतोय. आता ह्याला काय म्हनावं?" मावशीनं मला विचारलं, कसली रे पावडर? मी म्हटलं, राहू दे मावशी, तिची मर्जी.

त्या दुष्काळानं गावातल्या निम्म्या म्हशी बाजारात नेल्या. दूध इतकं कमी झालं की सोसायटीनं संकलन बंद केलं. मला साखर कारखान्यावर वजनकाट्याचं काम मिळालं, तिला आष्टीकडच्या एका डेअरीत. निघायच्या दिवशी तिनं टेबल पुसलं, नळ्या कपड्यात बांधून पेटीत ठेवल्या आणि जाता जाता मागची खिडकी लावून घेतली. मी उघडताना हातोडी लागली होती. तिच्या हातानं ती एका दाबात बसली.

लग्न तिनं केलं नाही, असं ऐकतो. आष्टीची माणसं सांगतात, तिच्या नाकाला मशीनपेक्षा जास्त मान आहे. गाव माहीत आहे मला, डेअरी माहीत आहे, सकाळी किती वाजता येते तेही माहीत आहे. कसं माहीत, ते विचारू नका.

परवा बीडच्या स्टँडवर करंट भेटला. केस गळालेत, पोट सुटलंय. परळीला पोरांना गिटार शिकवतो. बाप गेल्याचं सांगितलं. मी म्हटलं, अरेरे. ती गोष्ट सांगायची वेळही त्याच्याबरोबर गेली, एवढंच मनात आलं, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं.

चहा घेता घेता तो म्हणाला, "मालक, त्या फॅटवाल्या बाई कुठं असतात वो हल्ली? लई मानसांनी माझं वाजवनं ऐकलं, टाळ्या दिल्या. चुकतंय कुठं, ते त्या एकट्याच बोलल्या. आजूक बी मी वाजवायच्या आधी ती तार दोनदा बघतो. एकदा भेटायचं हुतं त्यांला."

त्याच्या पाठीमागं आष्टीची गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून नाव पुकारत होता.

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं."